पन्नास ते साठ

रुवीत, पडदे शिवणाऱ्याच्या दुकानाखाली
सात पायऱ्या उतरून
एक टेबल. एकच.
त्याच्यावर चौदा म्हातारे.

"इतिहास लिही स्पर्धेचा," नासर अल-रियामी म्हणाला,
"तुझं अक्षर बरं आहे, आणि तू खेळत नाहीस."
दोन्ही खरं.
मी धुरी, गाव परुळे.
दिवसा स्पेअर पार्टचे हिशेब,
आठवड्याच्या शेवटच्या रात्री गुण.

तर, सत्त्याऐंशी साली
कायतान फुर्तादोला एकोणीस वर्षांच्या पोरानं
शेवटच्या काळ्या चेंडूवर हरवलं,
आणि हात मिळवताना अंकल म्हटलं.
हरणं चाललं असतं त्याला.
दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद:
पन्नाशीच्या आतल्यांनी नाव देऊ नये.

ही खालची अट.
वरची आम्ही कुणी घातली नव्हती,
ती व्हिसाबरोबर यायची: साठ.
नासर आणि शंबे बलुची तेवढे सुटलेले,
देशच त्यांचा.
(नासरचं बालपण झांजिबारचं.
नेम चुकला की शिवी स्वाहिलीत.)

चषक म्हणजे मत्रहच्या बाजारातला पितळी दल्ला,
चोच वाकडी म्हणून अर्ध्या किमतीत.
धरमसी सोनार सुईनं नावं कोरायचा.
दोन हजार तीनमध्ये जागा संपली,
मग बुडाला कोरू लागला.
जिंकलेला माणूस आधी दल्ला उलटा करून बघायचा.

नियम वाढत गेले वयाबरोबर.
टेबलावर गुडघा टेकवायला बंदी,
एकदा टेकवलेला विजेरत्नेचा गुडघा
दोघांनी धरून खाली उतरवला होता.
नमाजाला डाव थांबेल, घड्याळ नाही.
परकार चष्मा उलटा घालून खेळायचा,
दुहेरी भिंगातलं दूरचं खाली यावं म्हणून,
आणि त्याला कुणी हसायचं नाही,
हा नियम कागदावर नव्हता.

दोन हजार सात, जून. गोनू.
वादी सातही पायऱ्या उतरून आली.
तिसऱ्या दिवशी शंबे आणि त्याचे पुतणे
स्लेटचे दगड पाठीवर वर आणत होते,
कापड सडक्या शेवाळासारखं,
खिशांत चिखल, एका खिशात जिवंत बेडूक.
एकवीस चेंडू मिळाले.
गुलाबी मिळालाच नाही.
नंतर आणलेला गुलाबी किंचित फिका,
त्याला सगळे पाहुणा म्हणत. अजून म्हणतात.

तेरा साली देशाची सुट्टी एक दिवस सरकली.
बुधवारची रात्र गुरुवारी गेली.
विजेरत्ने तीन महिने बुधवारीच येत राहिला,
चेंडू मांडायचा, थोडा वेळ बसायचा,
दिवा घालवून जायचा.

माझ्या रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
साठ झालेल्यापुढे मी लिहायचो: गेला.
परकारनं एकदा खांद्यावरून वाकून वाचलं.
"अरे, नुसतं गेला नको लिवूस.
गावी गेला, असं लिही."
मागची सव्वीस नावं काढून
प्रत्येकापुढे बारीक अक्षरात 'गावी' घातलं.
त्याच्याहीपुढे घातलं, त्याची वेळ आली तेव्हा.
दोन वर्षांनी दाभोळहून त्याच्या मुलाचा फोन.
दुकान बंद केल्यावर खाली उतरलो
आणि त्याच्या नावापुढचा तो एक शब्द खोडला.

यंदा माझी साठ.
शेवटच्या गुरुवारी खडू माझ्या हातात दिला.
अठ्ठावीस वर्षं गुण मांडले,
काठी पहिल्यांदा धरली, झाडूसारखी.
पंधरा लाल फुटले,
एक कुठे कुठे आपटत,
कुणाच्याही हिशेबात नसताना,
कोपऱ्यातल्या खिशात पडला.
नासरनं खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला,
लाल परत मांडत नाहीत.
मग मी सोपा पिवळा चुकलो.

टेबलाशी बसून मीच लिहिलं:
धुरी, एक.
शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.